उत्तरेची भिंत

१

आईच्या रविवारच्या सणाचा केक आदल्या सकाळीच भट्टीत जायला हवा, नाहीतर वरचा बदामाचा थर रडका होतो, हे थॉर्नहोपमधल्या कुठल्याही बाईला विचारलंत तर ती सांगेल. सेलिना गॉफ न विचारताच सांगायची, आणि दरवर्षी सांगायची. त्या शनिवारीही ती कोपरापर्यंत पिठात हात घालून सांगत होती आणि तिची सून केझाया टेबलापाशी बदाम सोलत हं-हं करत होती.

१९२० सालचा मार्च होता. टेकडीवर कोकरं ओरडत होती, कुंपणाखाली व्हायोलेटची फुलं आली होती, आणि स्वयंपाकघरात फडताळाच्या खुंटीला निळ्या पट्ट्यांचा एक मग टांगलेला होता. दर शनिवारी सेलिना तो घासायची, पुसायची आणि परत खुंटीला लावायची. अडीच वर्षांत त्यातून कुणी चहा प्यायलं नव्हतं.

तो मग अँब्रोजचा. सेलिनाचा एकुलता मुलगा आणि केझायाचा नवरा. फ्रान्समध्ये एका ओल्या सकाळी तो बाकीच्यांबरोबर चिखलातून पुढे गेला, आणि जे थोडे परत आले त्यांच्यात तो नव्हता. त्याला पडताना कुणी पाहिलं नाही. काही महिन्यांनी सरकारने कळवलं की तो गेला असं धरून चालावं. केझायाने तसं धरायचा प्रयत्न केला. सेलिनाने केलाच नाही.

"काल एनॉक आला होता म्हणे," सेलिना म्हणाली.

"फाटक दुरुस्त करायला आला होता, आई."

"आपल्या फाटकाला झालंय तरी काय? गेल्या महिन्यात केलं ना त्यानं? चांगला सुतार असता तर एकदाच आला असता."

केझायाला हसू आलं आणि तिने ते बदामांवर वाकून लपवलं. एनॉक प्रीस गावचा गाड्यांची चाकं बनवणारा. एक पाय जन्माचा आखूड, म्हणून सैन्याने त्याला घेतलं नाही. त्याच्या हातचं चाक लडलोच्या बाजारापर्यंत मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण गॉफांचं फाटक मात्र त्याच्या हातून काही केल्या नीट होत नव्हतं. नाताळात त्याने केझायाला सरळ विचारलं होतं. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. पाद्रीसाहेब चर्चमध्ये लग्नाचा पुकारा करायला तयार होते. पण नवरा कुठे आहे हे मनाला ठाऊक नसताना, आणि सासू रोज दाराकडे कान लावून बसलेली असताना, केझायाच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

सेलिनाने पिठाचा गोळा परतला. "अँब्रोज कुठंही चाकरीला असला तरी आईच्या रविवारी घरी आला नाही असं कधी झालं नाही. एका वर्षी लडलोहून बर्फातून चालत आला. बुटात पाणी आणि टोपीत फुलं."

"मला माहीत आहे, आई."

"उद्या चर्चची मिठी आहे. लढाई लागल्यापासून पहिली. तो जिथं असेल तिथून येईल." मग ती थांबली आणि पहिल्यांदाच सुनेकडे नीट बघून म्हणाली, "आणि नाही आला, तर मी पुन्हा त्याचं नाव तुझ्या आड आणणार नाही. तू मोकळी. हे मी देवाला सांगितलंय, आता तुला सांगते."

केझायाच्या मनात पहिला विचार आला तो असा: न येवो. आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने सोललेले बदाम पुन्हा टरफलांत मिसळून टाकले.

२

थॉर्नहोपमध्ये बघण्यासारखं काय आहे असं परकं माणूस विचारतं तेव्हा आम्ही त्याला एका कमानीचा पूल दाखवतो आणि मग 'तीन नाल'मध्ये बिअर प्यायला बसवतो. तेवढ्यात गाव संपतं. चर्च कुणी विचारलं तरच दाखवतो. त्याचं वय कुणाला धड सांगता येत नाही. पाद्री लटविचसाहेब म्हणायचे आठशे वर्षं. चर्चचा राखणदार जेथ्रो बेनबो म्हणायचा, साहेब नवे आले तेव्हा सहाशे म्हणत होते. अंगणातलं यूचं झाड चर्चहून जुनं, आणि ज्या गोल उंचवट्यावर दोन्ही उभी आहेत तो त्या झाडाहूनही जुना. वर टेकडीच्या माथ्यावर गोल खंदक आहे. तो कुणी खणला हे विचारायची सोय नाही, कारण सांगणारं कुणी उरलेलं नाही. आमच्या पूर्वजांना गोलाचा फार सोस होता, एवढं नक्की.

मिठीही गोलच. आईच्या रविवारी चाकरीला गेलेली पोरं-पोरी घरी येतात, आणि दुपारी सारं गाव चर्चभोवती हातात हात धरून कडं करतं. तोंड भिंतीकडे. कपाळ दगडाला टेकवायचं, डोळे मिटायचे. दक्षिणेच्या दाराशी पाद्रीसाहेब शेजाऱ्याचा हात एकदा दाबतात, तो त्याच्या शेजाऱ्याचा दाबतो, आणि असं ते दाबणं चर्चला वळसा घालून पुन्हा साहेबांच्या दुसऱ्या हातात येतं. मग ते दारावर काठी ठोकतात. ठोका ऐकू येईपर्यंत कपाळ उचलायचं नाही. प्रत्येक घराची भिंत ठरलेली आहे. प्रीस टॉवरखाली. त्यांच्या पलीकडे, उत्तरेला, गॉफ.

उत्तरेची भिंत कुणालाच नको असते. तिथे ऊन येत नाही. त्या बाजूला पुरतात ते वाटेत मेलेल्या परक्यांना आणि बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना. तिथलं दार कधीकाळी विटांनी बुजवलेलं आहे. गॉफ मात्र त्या दाराशी उभे राहत आले आणि त्याचा त्यांना गर्व होता. सून होऊन आली तेव्हा सेलिनाने केझायाला सांगितलं होतं, "तिकडं कुणीतरी उभं राहायलाच हवं ना? नाहीतर मिठी कसली, नुसती गळाभेट."

त्या शनिवारी दुपारी केझाया चर्च झाडायला गेली तेव्हा जेथ्रो दाराशी घंटेचा जुना दोर उलगडत बसला होता.

"हे काय, जेथ्रोकाका?"

"माणसं कमी पडणार पोरी. लढाईनं नेली ती नेली, उरलेली तापानं नेली. मी घरं मोजली. उत्तरेला भगदाड राहतंय. तिथं हा दोर लावू. दोन्हीकडून धरला की दाबण्याऐवजी ओढायचा. साहेब म्हणाले चालेल." त्याने दोराचं एक टोक तिला दाखवलं. "उंदरांनी खाल्लं होतं ते कापून टाकलं. आता फाशी द्यायलाही चालेल."

"कुणाला?"

"साहेबांचं प्रवचन लांबलं तर त्यांनाच."

झाडून झाल्यावर केझाया फुलदाण्यांतलं शिळं पाणी ओतायला उत्तरेच्या बाजूला गेली. तिकडे ती वर्षात कधी फिरकत नसे. भिंत खालपासून वरपर्यंत शेवाळाने हिरवी झाली होती, बोटभर जाड. आणि त्या हिरव्यात, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, स्वच्छ दगडाच्या, वाट्यांएवढ्या गोल जागा होत्या. एकीशेजारी एक, हातभर अंतराने, कोपऱ्यापर्यंत गेलेल्या. कुठे थोडी वर, कुठे थोडी खाली, जशी माणसं उंच-बुटकी असतात तशी. एक-दोन तर लहान मुलाच्या उंचीच्या.

तिने एका जागेवर हात फिरवला. दगड गुळगुळीत होता, म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीची पाठ डोकं टेकून टेकून होते तसा.

रांग कुठेच तुटलेली नव्हती. फक्त बुजवलेल्या दाराच्या अलीकडे, अँब्रोज उभा राहायचा तिथे, शेवाळ अख्खं होतं. जागा धरून ठेवल्यासारखं.

"जेथ्रोकाका!" तिने हाक मारली. तो आला, त्याने बघितलं, आणि डोकं खाजवलं.

"मेंढ्या," तो म्हणाला. "अंग घासतात."

"किती उंच आहेत तुमच्या मेंढ्या?"

जेथ्रोने एका गोल जागेवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. "दव पडून होत असेल," तो म्हणाला, आणि आला त्याहून जरा घाईने निघून गेला.

केझायानेही तेच ठरवलं. दव असेल, गोगलगायी असतील, दगडाचा काही गुण असेल. घरी जाईपर्यंत तिने तीन कारणं शोधली आणि तिन्ही तिला पटली. एकच पटत नव्हतं, की मग ती रस्त्याच्या मधोमध का चालते आहे.

३

रविवारी ऊन पडलं. सकाळच्या गाडीने चाकरीवरची पोरं आली, पुलावर नेहमीसारखा गलका झाला, आयांनी नेहमीसारखे गालगुच्चे घेतले. दरवर्षी दहा जणांच्या आवाजाने भरणारा पूल यंदा चार जणांनी भरला, एवढाच फरक. सेलिना सकाळपासून काळ्या टोपीत फाटकाशी उभी होती. ती कुणाशी बोलत नव्हती. गाडी गेली, गाडीतून उतरलेले आपापल्या घरी गेले, रस्ता रिकामा झाला, तरी ती उभीच होती.

एनॉक दारात आला तो व्हायोलेटची जुडी घेऊन. ती त्याने केझायाला न देता सेलिनाला दिली.

"माझी आई नाही," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "म्हटलं, आजच्या दिवशी कुणाला तरी फुलं द्यावीत."

सेलिनाने फुलं घेतली, वास घेतला, आणि म्हणाली, "फाटक अजून कुरकुरतंय."

दुपारी चर्चच्या अंगणात गाव जमलं. जमलं म्हणजे दक्षिणेला दाट, पूर्वेला पातळ, आणि उत्तरेला कुणीच नाही. जेथ्रो दोर घेऊन आला.

"एक टोक मी धरते," सेलिना म्हणाली. "पूर्वेच्या कोपऱ्याशी. दुसरं हिच्याकडे. उत्तर गॉफांची आहे. दोन्ही टोकं गॉफच धरतील."

"तुम्ही दक्षिणेला उन्हात बसा ना, बाई," साहेब म्हणाले.

"मी बसले तर मिठीला भोक पडेल, साहेब. तुमची इच्छा असेल तर बसते."

साहेब निमूट दाराशी गेले. केझाया आपल्या जागी गेली. भिंतीकडे तोंड केल्यावर तिच्या उजव्या हाताला टॉवरचा कोपरा, तिथे एनॉक. त्याने तिचा हात धरला. मोठा, गरम, चाकाच्या तेलाचा वास असलेला हात. गावासमोर पहिल्यांदाच धरला होता, आणि तो धरायला आज धर्माचीच परवानगी होती. डाव्या हाताला रिकामी भिंत. भिंतीला बाहेरून आधार दिलेल्या दोन जाड दगडी पुस्त्यांच्या पलीकडे सेलिना, ती इथून दिसत नव्हती.

जेथ्रो गवतातून दोर ओढत आला आणि मध्येच थांबला. त्याने दोर ताणला. पुन्हा ताणला. दोराचं टोक बुजवलेल्या दाराच्या पलीकडेच राहिलं होतं.

"अरे देवा," तो म्हणाला. "कापलेला तुकडा धरून मापलं मी."

"आता?" केझाया म्हणाली.

तेवढ्यात दक्षिणेला सुरू असलेलं स्तोत्र संपलं. एकदा मिठी सुरू झाली की बोलायचं नसतं. जेथ्रोने दोर गवतात सोडला, तिच्याकडे ओशाळं बघितलं, आणि आपल्या जागेकडे पळाला. केझायाला वाटलं सरळ पुढे होऊन दोर उचलावा. पण त्यासाठी एनॉकचा हात सोडावा लागला असता, आणि जोडलेला हात सोडणं हे आमच्याकडे कुणी करत नाही. तिने डावा हात हवेत लांब केला, तळवा उघडा ठेवला आणि कपाळ दगडाला टेकवलं. यंदाची मिठी माझ्याच हातात तुटणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू यायला लागलं.

४

दगड इतका गार होता की कपाळाला झिणझिण्या आल्या. पलीकडे टॉवरखाली कुणी खोकलं. कुणाचं तरी बाळ कुरकुरलं. मग सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेत तिला डाव्या बाजूला बूट ऐकू आले.

चालत आलेले नाहीत. उभं राहताना माणूस पाय नीट रोवतो ना, या पायावरून त्या पायावर, तसे. एक नाही, बरेच. ओल्या लोकरीचा वास आला. कुणीतरी नाकाने श्वास सोडला, थकून घरी आल्यावर सोडतात तसा. जेथ्रो परत आला असेल, ती स्वतःला म्हणाली. दोर ओढायला दोन-चार पोरं आणली असतील. शहाणा माणूस आहे. तिने हे मनात म्हटलं आणि डोळे घट्ट मिटले, कारण जेथ्रोचा खोकला तिला आत्ताच चर्चच्या दुसऱ्या बाजूने ऐकू आला होता.

एनॉकने तिचा उजवा हात दाबला. आलं. दाबणं तिच्यापर्यंत आलं होतं आणि पुढे द्यायला तिच्याजवळ कुणी नव्हतं.

तिच्या उघड्या डाव्या तळव्यात हात आला.

तो ओला होता, गार होता, आणि बोटांच्या पेरांत चिखल सुकला होता. पण हात होता, त्यात शंका नाही. तिची बोटं नीट धरायला त्याने एकदा पकड बदलली, आणि तेव्हा तिला त्याची करंगळी लागली. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. ते तो बारा वर्षांचा असताना कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. लग्नाच्या दिवशी केझायाने त्या आखूड करंगळीवर ओठ टेकवले होते आणि सगळे हसले होते.

ती ओरडली नाही. ओरडावंसं तिला वाटलंच नाही. तिने रीतीप्रमाणे तो हात दाबला. एकदा.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा तिच्या बोटातल्या अंगठीवरून फिरला, आणि त्या हाताने तिचा हात दाबला. दोनदा.

लहानपणापासून अँब्रोजची ही खोड. रीत एकदा दाबायची, हा दोनदा दाबायचा. त्यापायी साहेबांनी त्याचा कान पिळला होता. लग्नानंतर तो केझायाला म्हणाला होता, पहिलं चर्चचं, दुसरं तुझं.

मग ते दाबणं पुढे निघालं. तिला ते जाताना ऐकू येत होतं. बाहीवर बाही घासल्याचा बारीक आवाज, दोनदा, मग त्यापुढे दोनदा, मग त्याच्या पुढे. भिंत लहान आहे. धावत गेलं तर दमही लागणार नाही. पण ते दाबणं जातच राहिलं. पुस्त्यांपाशी पोचलं, तरी थांबलं नाही. यूच्या झाडाकडे गेलं. पुलाकडे गेलं, खाली पाण्याजवळ. तिथून टेकडी चढायला लागलं, लांब लांब, बारीक होत, त्या माथ्यावरच्या खंदकाकडे, आणि तिथे केवढातरी वळसा घातल्यासारखं वाटलं. किती माणसं असतील! आणि सगळी आपापल्या जागी, गुपचूप, कुणाचीही घाई नाही. तिच्या अंगावर काटा उभा राहिला, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी इतकं मोठं भरून आलं की तिला श्वास घेता येईना. आपण थॉर्नहोपला छोटं म्हणत होतो, तिला वाटलं. आपण किती वेडे.

कपाळ उचलायचं नसतं. तिने उचललं नाही. पण ते दगडावर ठेवूनच तिने एक डोळा किलकिला केला.

तिला बाही दिसली, मातीच्या रंगाची. तिच्या पलीकडे दुसरी बाही, जाड सुताची, तसं कापड हल्ली कुणी विणत नाही. त्यापलीकडे एक लहानसा उघडा हात. त्यापलीकडे खांदे, आणि खांदे, आणि खांदे, भिंत संपल्यावरही न संपलेले. चेहरा मात्र एकही दिसला नाही, कारण सगळ्यांनी कपाळं टेकवली होती. ज्यांच्यासमोर भिंत नव्हती त्यांनीसुद्धा.

तिने डोळा मिटला. हात सोडला नाही.

मग दक्षिणेच्या दारावर काठीचा ठोका पडला.

५

लोक बोलायला लागले, पोरं धावली. एनॉकने तिचा उजवा हात सोडला आणि घाबरून म्हणाला, "केझी, तुझा हात बर्फ झालाय! बरं वाटत नाही का?"

तिच्या डाव्या हातात काही नव्हतं. तळव्यावर ओल होती. गवतात दोर पडलेला होता, जेथ्रोने सोडला तिथेच, आणि जरासुद्धा हललेला नव्हता. पूर्वेच्या कोपऱ्याशी सेलिनाही दोर सोडून उभी होती. ती आपला उजवा हात अंगापासून दूर धरून त्याच्याकडे बघत होती, जसं काही सांडेल म्हणून भरलेलं भांडं धरतात.

पाद्रीसाहेब काठी टेकत उत्तरेला आले. ते खुशीत होते. "यंदा फार वेळ लागला बुवा! मला वाटलं वाटेत कुणाला झोप लागली. पण आलं! दोरातूनही आलं!" मग त्यांनी बोट हलवलं. "आणि खरं सांगा, दोनदा कुणी दाबलं? मला दोनदा मिळालं, आणि पूर्वेचे सगळे म्हणतात, त्यांनाही इथून दोनदाच आलं. ही थट्टा त्या गॉफच्या पोरानंतर कुणी केली नव्हती—"

ते थांबले. त्यांनी सेलिनाकडे पाहिलं, केझायाकडे पाहिलं, गवतातल्या दोराकडे पाहिलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब," सेलिना म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "पुढच्या रविवारपासून पुकारा करा. माझ्या सुनेचा आणि एनॉक प्रीसचा."

एनॉकच्या हातातून टोपी पडली. "पण आई," केझाया चाचरत म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, तो आला नाही तर..."

"हो, म्हणाले होते." सेलिना सुनेकडे वळली. "आला गं. आईच्या रविवारी आला तो. आता कुठं आहे ते कळलं."

केझायाने मान हलवली आणि सासूच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. अडीच वर्षांत त्या दोघी एकत्र रडल्या नव्हत्या. रडायचं असेल तेव्हा प्रत्येकीने आपापला कोपरा धरला होता.

जाण्याआधी केझाया एकटी बुजवलेल्या दाराशी गेली. अँब्रोजच्या जागी काल अख्खं असलेलं शेवाळ आता नव्हतं. तिने टाचा उंच केल्या तर तिचं कपाळ पोचेल एवढ्या उंचीवर स्वच्छ दगड होता, रांगेत, इतरांसारखाच. तिने त्यावर हात ठेवला. आज तिला कारणं शोधावीशी वाटली नाहीत. तिने एनॉकची फुलं सेलिनाकडून मागून आणली आणि दाराच्या विटांशी ठेवली.

घरी सेलिनाने केक कापला. एनॉकला पाहुण्यांच्या कपात चहा दिला आणि फाटकावरून एक टोमणा मारला, पण तो जेमतेमच. मग तिने खुंटीवरचा निळ्या पट्ट्यांचा मग काढला. केझायाला वाटलं, आता ती तो घासून पुसून आत ठेवून देणार. पण सेलिनाने त्यात काठोकाठ चहा ओतला, दोन्ही हातांत धरला, आणि स्वतः प्यायली.

"पुढच्या वर्षी तू टॉवरखाली उभी राहायचं," ती म्हणाली. "प्रीसांच्या भिंतीला. आता तुझी भिंत ती."

"आणि तुम्ही, आई? उत्तरेला तुम्ही एकट्याच?"

"मी दाराशी उभी राहीन." सेलिनाने मग खाली ठेवला. "आणि जेथ्रोला सांग, दोर नको. मला हात मिळेल."